हायवे वावरातून जातोय, हरकत घ्यावी की मोजणी अडवावी?

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की वसमत तालुक्यात सात एकर रान, निम्म्यात हळद निम्म्यात ऊस, नव्या हायवेची आखणी त्यातून तिरपी गेलीय, विहीर पट्ट्यात येतेय, गावातले म्हणायलेत की हरकतीचा अर्ज पण द्यायचा नाही कारण अर्ज दिला की संमती दिल्यासारखं होतंय आणि मोजणीवाले आले की परत पाठवायचे, आणि इकडं चुलतभाऊ सही करून मोकळा झालाय. मी भूसंपादन शाखेत कारकून म्हणून लागलो आणि नायब तहसीलदार म्हणून रिटायर झालो, टेबलाच्या पलीकडून हे सगळं बघितलंय, म्हणून जरा लांबण लागली तरी नीट सांगतो.

ते अर्जाचं आधी डोक्यातून काढा. हरकत म्हणजे संमती हे कुठल्याच कायद्यात नाही. उलट अर्ज आला नाही तर फाइलवर आम्ही काय लिहायचो, "विहित मुदतीत हरकत अप्राप्त". एवढंच. पुढं तुम्ही मुंबईला मोर्चा न्या नाहीतर औरंगाबाद खंडपीठात जा, समोरचा वकील हेच चार शब्द वाचून दाखवतो की साहेब ह्यांना संधी दिली होती, हे आलेच नाहीत.

आता नोटीस हातात घ्या आणि वरच्या बाजूला कोणता कायदा लिहिलाय ते बघा, कारण सगळा खेळ तिथून बदलतो. केंद्राचा रस्ता असेल तर राष्ट्रीय महामार्ग अधिनियम १९५६ आणि कलम ३ए (जमीन घ्यायचा इरादा जाहीर करणारी अधिसूचना) असं दिसेल. राज्य रस्ते विकास महामंडळाचा असेल, जसं ते पवनार ते पत्रादेवी शक्तिपीठ, जे मूळ आराखड्यात ८०२ किलोमीटरचं होतं आणि आपल्याकडच्या हिंगोली, नांदेड, परभणी, बीड, लातूर, धाराशिवमधून दाखवलं होतं, तर तिथं महाराष्ट्र महामार्ग अधिनियम १९५५ आणि कलम १५(२) दिसेल. दोन्हीकडं हरकतीला २१ दिवस. आणि हे २१ दिवस तलाठ्यानं तुम्हाला नोटीस दिली त्या दिवसापासून धरू नका, राजपत्रात छापून आलं त्या तारखेपासून धरा. पुष्कळ जण इथंच हुकतात, पेपरात बारीक अक्षरात गट नंबर छापून येतात, कोणी वाचत नाही, आणि नोटीस हातात पडेपर्यंत निम्मे दिवस गेलेले असतात. तुमची तारीख आजच तहसीलला किंवा प्रांत ऑफिसला विचारा, राजपत्र नेटवर पण मिळतंय.

आणि ते ८० टक्के लोकांची संमती लागते म्हणून जे फिरायलंय ना, ते खाजगी कंपनीसाठी जमीन घेताना लागतंय, सरकारच्या हायवेला ती अट नाही. ग्रामसभेचा ठराव जरूर करा, त्याचं राजकीय वजन आहे, पण ठराव झाला म्हणजे रस्ता अडला असं समजून घरी बसू नका.

आता मुद्द्याचं. इतकी वर्षं हरकती वाचल्या, त्यातल्या बहुतेकांत एकच मजकूर, गावातल्या कोणीतरी टाईप करून झेरॉक्स काढलेला, फक्त नाव आणि गट नंबर बदललेला. आमची जमीन सुपीक आहे, आमचं पोट तिच्यावर आहे, मोबदला कमी आहे, सबब विरोध आहे. खोटं काहीच नाही त्यात, पण अधिकाऱ्याला त्यावर काही करताच येत नाही. मोबदल्याचा विषय त्या टप्प्यावर नसतोच, कायदा म्हणतो की ही जमीन ह्या कामासाठी वापरायला तुमची काय हरकत आहे ते सांगा. मग तो अर्ज "सार्वजनिक हित" म्हणून फेटाळला जातो आणि सगळ्या गावाला एकच उत्तर येतंय.

माझं म्हणणं असं की जे गुंठे रस्त्यात जातात त्यांचं कमीजास्त का होईना पण कायद्यानं ठरलेलं आहे, पैसा येतो. माणूस खरा मरतो तो राहिलेल्या वावरात. तुमच्या अर्जात त्या राहिलेल्या वावराचं नाव पाहिजे.

हिशोब करून बघा. समृद्धी महामार्गाचा पट्टा बहुतेक ठिकाणी १२० मीटर रुंद होता. तसा पट्टा तुमच्या रानात १०० मीटर लांबीचा जरी आला तरी १ हेक्टर २० आर गेलं, म्हणजे जवळजवळ तीन एकर. तुमचा तर तिरपा चाललाय, म्हणजे लांबी अजून वाढणार, आणि दोन्ही बाजूला जे उरेल ते त्रिकोणी उरेल. त्रिकोणात ट्रॅक्टर वळत नाही, हळदीचे बेड अर्ध्यात संपतात, ठिबकच्या नळ्या प्रत्येक ओळीला वेगळ्या लांबीच्या कापाव्या लागतात. सातबारावर चार एकर शिल्लक दिसतंय पण कसायला तीनच येतंय, असं होतंय. आणि त्यात विहीर एका बाजूला किंवा गेलेलीच, आखाडा दुसऱ्या बाजूला, गुरं तिकडं, कडबा इकडं.

बरं, हे नवे रस्ते जुन्या रोडसारखे नाहीत. दोन्ही बाजूनं भिंत नाहीतर जाळी, ठरलेल्या इंटरचेंजशिवाय वर चढता येत नाही. त्यामुळं जमीन रोडटच होणार, हॉटेल टाकू, पेट्रोल पंप टाकू असं ज्यांना वाटायलंय त्यांनी समृद्धीच्या कडेला जालन्याकडं एक चक्कर मारून यावं. रस्ता डोळ्यासमोरून जातो आणि पलीकडच्या आपल्याच वावरात जायला किती फेरा पडतोय ते तिथल्या माणसाला विचारावं.

म्हणून अर्जात काय लिहायचं ते सांगतो. तुमच्या गटाचा नकाशा भूमी अभिलेखमधून काढा, त्यावर आखणीची रेघ ओढा, आणि मग एकेक गोष्ट दाखवा. पांदण रस्ता कुठून येतो, गाडीवाट कुठून आहे, ती नकाशावर आहे का नुसती वहिवाटीची आहे. वहिवाटीची असेल तर ती सरकारी कागदावर दिसत नाही आणि मग इंजिनिअरच्या लेखी तिथं रस्ताच नाही, त्यामुळं तिथं अंडरपास पण नाही. शेजारच्या पाच-सहा जणांच्या सह्या घेऊन लिहा की ह्या वाटेनं एवढे लोक रानात जातात. अंडरपास मागताना नुसता अंडरपास द्या असं लिहू नका, उंची लिहा. गुरांपुरता ठेंगणा अंडरपास देऊन मोकळे होतात, त्यातून माणूस जातोय, म्हैस जातेय, पण उसानं भरलेली ट्रॉली जात नाही आणि हार्वेस्टर तर नाहीच नाही. मग कारखान्याची तोड आली की टोळीवाला म्हणतो मालक तुमचा ऊस बाहेर काढायचा कसा, आणि वाहतुकीचा जास्तीचा पैसा तुमच्याच डोक्यावर.

पाण्याचं तर ह्याच्याहून मोठं आहे आणि त्याच्यावर कोणीच लिहीत नाही. आखणीचा सर्व्हे बहुतेक कोरड्या दिवसात होतो. त्या टायमाला आपल्या ओघळी कोरड्या ठक्क असतात, बाहेरच्या सर्व्हेवाल्याला तिथं नुसतं खोलगट वावर दिसतंय. तिथं मोरी दाखवली नाही की उंच भराव आडवा पडतो आणि काळ्या रानात वरच्या अंगाला तळंच होतंय. सप्टेंबर २०२५ ला आपल्या मराठवाड्यात पावसानं काय केलं ते सगळ्यांनी बघितलंय, त्यात असा भराव असता तर वरच्या शेतकऱ्याची मातीसुद्धा राहिली नसती, आणि खालच्याच्या विहिरीला मात्र पाझर तुटतोय. तुमच्या मोबाईलमध्ये पावसाळ्यातले फोटो, व्हिडिओ असतीलच, ते काढा, प्रिंट मारा, गट नंबर लिहून अर्जाला जोडा. ह्या बांधातून पाणी येतं, ह्या धुऱ्यानं जातं, इथं मोरी पाहिजे. वसमतकडं येलदरी-सिद्धेश्वरचं पूर्णा प्रकल्पाचं पाणी आहे, तुमच्या रानाला चारी येत असेल आणि ती कापली जात असेल तर पाटबंधारेवाल्यांना वेगळा अर्ज द्या की चारी रस्त्याखालून न्या, कारण चारी एका जागी तुटली की शेपटाकडचे सगळे कोरडे, त्यांची वावरं रस्त्यात नसल्यानं त्यांना नोटीस पण येत नाही. ते लोक तुमच्या बाजूनं उभे राहायला तयार असतात, त्यांना कोणी विचारतच नाही.

पाइपलाइनचं पण लिहा. विहीर गेली आणि बोअर पलीकडं राहिला तर रस्त्याखालून पाइप न्यायला मोठा सिमेंट पाइप काम चालू असतानाच टाकून घ्यावा लागतो. भराव झाल्यावर परवानग्यांच्या मागं हिंडण्यात एक हंगाम जातो.

असा अर्ज एका गटाला एक करा, झेरॉक्सचा नको. प्रांत ऑफिसला किंवा जो भूसंपादन अधिकारी नेमलाय त्याच्याकडं द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक नंबरासकट शिक्का घ्या, एक प्रत रस्ता बांधणाऱ्या ऑफिसला पोचपावतीसह पोस्टानं पाठवा. सुनावणी लागली की जा, वकील न्या नका नेऊ पण स्वतः जा, आणि जे बोललात ते लेखी पण द्या. निर्णयाची प्रत मागून घ्या.

ह्यानं रस्ता हलेल का? खरं सांगायचं तर एका माणसाच्या हरकतीवर अख्खी आखणी हललेली मी बघितलेली नाही. अंडरपासची जागा हलते, मोरी वाढते, क्वचित गावठाण किंवा देवळापाशी रेघ थोडी सरकते. अख्खी आखणी हलते ती एकजुटीवर आणि राजकारणावर. कोल्हापूरला शक्तिपीठाच्या विरोधात लोक असे उतरले की २०२४ च्या विधानसभेच्या तोंडावर तिथली अधिसूचना सरकारला रद्द करावी लागली, पण मग जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं त्याच रस्त्यासाठी २०,७८७ कोटींची तरतूद मंजूर केली हे पण विसरू नका. म्हणून विरोध करायचाच असेल तर गावासोबत करा, जोरात करा, मला त्यात काही वावगं वाटत नाही, फक्त कागद थांबवू नका. केंद्राच्या कायद्यात एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे, ३ए निघाल्यापासून वर्षाच्या आत ३डी (जमीन संपादित झाल्याची घोषणा) निघाली नाही तर ३ए मरते, पुन्हा पहिल्यापासून. आणि ३डी निघाली की जमीन सरकारची झाली, मग ताबा कधी का घेईनात.

मोजणी अडवण्याबद्दल माझं मत गावातल्या पोरांना आवडणार नाही. पहिल्या वेळी मोजणीवाले परत जातात, दुसऱ्या वेळी पण जातात, मग बंदोबस्त घेऊन येतात आणि घाईघाईत उरकतात. तुम्ही धुऱ्यावर घोषणा देत असता आणि इकडं पंचनाम्यात पंच म्हणून कोतवाल आणि कोणीतरी दुसऱ्याच गावचा माणूस. तुमची विहीर लिहिली का, बोअर लिहिला का, आंब्याची झाडं किती लिहिली, जमिनीखालची पाइपलाइन तर कोणाला दिसतच नाही. जे संयुक्त मोजणीत आलं नाही त्याचं मूल्यांकन होत नाही, आणि नंतर जोडून घेणं म्हणजे जन्माचं काम. गाव अडवायचं म्हणत असेल तर निदान एवढं करा, मोजणीच्या जागी हजर राहा, पंचनाम्यावर "हरकत राखून हजर" असं स्वतःच्या हातानं लिहून सही करा, आणि आपल्या मालमत्तेची यादी फोटोसकट त्याच दिवशी दाखल करा. असं केल्यानं विरोध कमी होत नाही.

त्याच्याआधी सातबारा बघा. विहिरीची नोंद आहे का? आपल्याकडं निम्म्या विहिरी कागदावर नसतात, लाइट बिल आहे, मोटर आहे, पण सातबारा कोरडा आणि जमीन जिरायत. जिरायत आणि बागायतच्या दरात फार फरक आहे. ई-पीक पाहणी दर हंगामाला स्वतः भरा, हळद असेल तर हळद दिसली पाहिजे, ऊस असेल तर कारखान्याच्या पावत्या जपा. झाडं कृषी खातं नाहीतर वनखातं मोजतं, बांधकाम पीडब्ल्यूडी, विहीर-पाइपलाइन पाणीपुरवठा किंवा जलसंधारणवाले, ह्या सगळ्यांच्या टेबलाला तुमचा कागद गेला पाहिजे. पण नोटीस निघाल्यावर रात्रीतून डाळिंबाची रोपं लावणं, पत्र्याचं शेड ठोकणं असले उद्योग करू नका, आधीच्या ड्रोनच्या आणि सॅटेलाइटच्या फोटोत तिथं सोयाबीन दिसतंय, आणि मग एकाच्या नादानं अख्ख्या गावाचं मूल्यांकन संशयानं बघितलं जातंय.

मोबदला कसा निघतो हे पण समजून घ्या म्हणजे कोणी एजंट फसवणार नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे रेडीरेकनरचा (सरकारी दरपत्रकातला) दर आणि आजूबाजूच्या मागच्या तीन वर्षांतल्या खरेदीखतांतल्या वरच्या निम्म्यांची सरासरी, ह्यातला जो जास्त तो धरतात. मग त्याला गुणांक, जो ग्रामीण भागात १ ते २ च्या मध्ये राज्य सरकार ठरवतं. मग झाडं-विहिरी मिळवायच्या आणि त्या सगळ्यावर १०० टक्के दिलासा रक्कम. समजा एकरी १० लाख निघाले आणि गुणांक २ असला तर १० चे २० आणि दिलासा धरून २० चे ४० होतात, ह्यालाच चारपट म्हणतात. गुणांक १ असला तर २० लाखच. समृद्धीला थेट खरेदीत चारपट आणि त्यावर २५ टक्के असं धरून पाचपट दिलं होतं. हायवेसाठी हा गुणांक राज्यानं २०२१ मध्ये खाली आणला होता, त्यामुळं समृद्धीवाल्या पाहुण्यानं सांगितलेल्या आकड्यावर ट्रॅक्टर बुक करू नका, तुमच्या अधिसूचनेच्या तारखेला कोणता गुणांक लागू आहे ते लेखी विचारा. शिवाय अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंत (मोबदला ठरवणाऱ्या आदेशापर्यंत) किंवा ताबा घेईपर्यंत, जे आधी होईल तोपर्यंत, बाजारमूल्यावर वर्षाला १२ टक्के, हे कोणी मागतच नाही.

आणि खरेदीखतं आपणच मारून ठेवलीत. स्टॅम्प ड्युटी वाचवायला एकरी १८ लाखाचा व्यवहार आणि कागदावर ६ लाख, सगळ्या शिवारात असंच, मग सरासरी कुठून वर येणार? तरी दुय्यम निबंधकाकडं जाऊन शिवारातले आणि शेजारच्या गावातले तीन वर्षांतले चांगले व्यवहार शोधा, चार-दोन तरी असतात, बँकेच्या कर्जानं घेतलेल्या जमिनीचे कागद बहुतेक खऱ्या किमतीचे असतात. त्यांच्या सूची दोनच्या (इंडेक्स टू, खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा) नकला काढून ठेवा.

थेट खरेदीला हो म्हटलं की २५ टक्के जास्त आणि पैसा लवकर, हे खरं आहे, पण एकदा खरेदीखत झालं की वाढीव मोबदल्याचा दावा संपला. ज्याला कर्ज फेडायचंय, मुलीचं लग्न आहे, त्यानं ते घेतलं तर मी त्याला गद्दार म्हणणार नाही. पण ज्याचं रान तुमच्यासारखं मधून कापलं जातंय त्यानं सही करायच्या आधी तुकडे पडल्याचं नुकसान किंमतीत धरलंय का ते विचारावं. राष्ट्रीय महामार्गाच्या कायद्यात कलम ३जी(७) मध्ये जमीन तोडली गेल्यानं उरलेल्या जमिनीचं जे नुकसान होतं ते धरायला सांगितलंय, २०१३ च्या कायद्यात कलम २८ मध्ये पण आहे. निवाड्यात ह्या रकान्यात बहुतेक वेळा शून्य असतं. शून्य का, तर मागितलंच नाही. तुमचा हरकतीचा अर्ज, नकाशा, पाण्याचे फोटो, वाटेच्या सह्या इथं पुराव्याला येतात. निवाडा मान्य नसेल तर केंद्राच्या रस्त्याला ३जी(५) खाली लवादाकडं जा, २०१३ च्या कायद्यातला निवाडा असेल तर कलम ६४ चा अर्ज, त्याला निवाड्याला हजर असाल तर फक्त सहा आठवडे. पैसे उचलताना "हरकत राखून स्वीकारले" असं लिहूनच उचला. टक्क्यावर काम करतो म्हणणारा जो कोरे चेक मागतो त्याला चहा पाजा आणि वाटंला लावा.

घरातलं आताच मिटवा, कारण मोबदला अडकतो तो बहुतेक घरातच. वारसाचे फेरफार बाकी असतील तर लावून घ्या, बहिणींची नावं लपवून काही होत नाही, एक तक्रार आली की पैसा थेट कोर्टात जमा होतो आणि मग वर्षानुवर्षं तिथंच. इनामी, मदतमाश (निजामकाळातलं एक प्रकारचं इनाम) किंवा कुळ कायद्यातली वर्ग दोनची (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी) जमीन असेल तर निजामाच्या काळातल्या कागदांपासून काढायला लागा, त्याला वेळ लागतोच. बँकेचा बोजा असेल तर बँक आधी आपलं कापून घेणार हे धरून चाला. आणि कोणाची सगळीच जमीन जात असेल तर जुने सातबारे, आठ-अ काढून जपून ठेवायला सांगा, उद्या दुसरीकडं शेती घ्यायची म्हटलं तर शेतकरी असल्याचा पुरावा लागतो.

राहिला चुलतभाऊ. त्यानं नेमकी कशावर सही केली ते आधी बघा, कारण मोजणीच्या पंचनाम्यावरची सही, संमतीपत्र आणि खरेदीखत ह्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि गावात तिन्हीला "सही दिली" एवढंच म्हणतात. त्याची सही त्याच्या हिश्श्यापुरती, तुमच्या हिश्श्याला ती लागू नाही. पण सातबारा सामाईक असेल आणि वाटणी फक्त तोंडी झालेली असेल तर कोणाचा हिस्सा रस्त्यात जातो हेच कागदावर ठरलेलं नाही, आणि उद्या तो म्हणेल की विहिरीकडची बाजू माझी होती. त्याच्याशी भांडण न करता तहसीलदाराकडं जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटणीचा अर्ज दोघांनी मिळून द्या, २१ दिवसांच्या हरकतीसोबत त्याची पोच जोडा, आणि विहीर सामाईक असेल तर दोघांच्या नावानं सामाईक अशीच लिहा.